परदेशात कुणाच्या घरात खोली घेताय? आधी प्रश्न, मग पैसे, बॅग सगळ्यात शेवटी

गणपती गेले की आमच्या घरी दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला, दिवाळीत खोली आहे काय. दुसरा ओळखीतल्यांचा, आम्ही दिवाळीत बँकॉकला चाललोय, ॲपवर एका बाईच्या घरातली रूम घेतलीये, पैसे भरून झालेत, तू जरा बघ ना कशी वाटते. आता पैसे भरून झाल्यावर मी काय बघू?

मालवणजवळ देवबागला आमच्या दोन खोल्या आहेत, निवास-न्याहारीवाल्या, त्यामुळे खोली देणारा काय विचार करतो ते मला आतून माहितीये, आणि मी स्वतः बाहेर तीन-चारदा लोकांच्या घरात राहिलोय, त्यात एकदा चांगला आपटलोय. लोक काळजी घेत नाहीत असं नाही, उलट्या क्रमाने घेतात. आधी पैसे, मग प्रश्न. आधी बॅग उघडून कपडे टांगणार, मग दाराला कडी आहे का बघणार. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## १. रूम म्हणजे नक्की काय मिळणार ते समजून घ्या

ॲपवर साधारण तीन प्रकार असतात, अख्खं घर, प्रायव्हेट रूम आणि शेअर्ड रूम. प्रायव्हेट म्हणजे खोली तुमची, बाकी घर मालकाचं नाहीतर आणखी चार पाहुण्यांचं. आपल्या डोक्यात मात्र लॉज असतो, वेगळं दार, आत संडास-बाथरूम. तसं असेलच असं नाही. बाथरूम पॅसेजच्या टोकाला असू शकतं आणि खोलीला कुलूप नसूही शकतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला मिळालेली "रूम" म्हणजे सरळ पडवी होती, तीन बाजूंना काचा आणि चौथ्या बाजूला पडदा. फोटोत पडदा सुंदर दिसत होता.

सुविधांच्या यादीत बेडरूमच्या दाराला लॉक आहे का याची वेगळी ओळ बऱ्याच ठिकाणी असते, ती शोधा. नसेल तर टप्पा ४ मध्ये विचारायचंच. आणि मालकाच्या फोटोत बाई दिसते म्हणून घरात बाईच असेल असं धरून चालू नका, खातं एकाच्या नावाचं आणि खोली दाखवणारा भलताच असं सर्रास असतं.

## २. तिथे अशी खोली देणं कायद्यात बसतं का ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. सिंगापूरला खासगी घर ३ महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देताच येत नाही, आणि सरकारी एचडीबी फ्लॅट असेल तर ६ महिने. म्हणजे चार रात्रींसाठी कुणाच्या फ्लॅटमधली स्वस्त खोली दिसली तर ती देणारा नियम मोडतोय हे नक्की. थायलंडमध्ये कॉन्डोतला फ्लॅट हॉटेलच्या परवान्याशिवाय ३० दिवसांच्या आतल्या मुदतीने, रोजच्या भाड्याने देणं बेकायदा आहे, तरी हजारो जाहिराती आहेतच. जपानमध्ये २०१८ पासून घरातल्या खोल्यांसाठी नोंदणी लागते, तो नंबर जाहिरातीत दिसला पाहिजे आणि वर्षात १८० दिवसांच्या वर देता येत नाही. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला मालकाची नोंदणी हवी, मालक त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. दुबईत हॉलिडे होमला पर्यटन खात्याचं परमिट लागतं. तिथे हॉलमध्ये प्लायवूड ठोकून केलेली पार्टिशनची खोली कुणी गाववाला देत असेल तरी नको म्हणा, आग लागली तर बाहेर पडायला एकच बोळ असतो.

आता म्हणाल, नियम मोडतोय तो मालक, आपल्याला काय. माझं ऐका. बँकॉकला रात्री साडेअकराला टॅक्सीतून उतरलो आणि मालकाचा मेसेज आला, लॉबीत सिक्युरिटीने विचारलं तर माझा मित्र आहे म्हणून सांग, ॲपचं नाव काढू नको, चावी बाहेर सायकलींच्या स्टँडला डबीत आहे. लॉबीत शिरलो तर समोरच बोर्ड, रोजच्या भाड्याने खोल्या देण्यास मनाई. सिक्युरिटीवाल्याने नम्रपणे हात जोडले आणि तसाच नम्रपणे बाहेर काढला. मालक फोन उचलेना. आणि मी शहाण्याने आदल्याच दिवशी त्याच्या सांगण्यावरून ॲपवरचं बुकिंग रद्द करून थेट पैसे पाठवले होते, थोडे वाचतात म्हणून. घरी फोन केला तर आई म्हणाली, "मेल्या, पैशे आधी कित्याक दिलंस?" उत्तर नव्हतं.

तपासा: शहराचं नाव टाकून तिथल्या सरकारी साइटवर शॉर्ट टर्म रेंटलचा नियम वाचा. नंबर लागत असेल तर तो जाहिरातीत आहे का बघा. नसेल तर पुढचे टप्पे करूच नका, दुसरी खोली शोधा.

## ३. जाहिरात उलटीकडून वाचा

म्हणजे फोटो शेवटी आणि रिव्ह्यू आधी. रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावा, कारण तीन वर्षांपूर्वीची छान गादी आज खचलेली असते. पाच स्टारवाले "वंडरफुल स्टे" एवढंच लिहितात, तीन स्टारवाले खरं बोलतात, ते सगळे वाचा. एकटीने राहिलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते वेगळं शोधा. आणि एक बारीक गोष्ट, काही मालकांच्या पाच-सहा जाहिराती असतात, तर प्रोफाइलवरचे दोनशे रिव्ह्यू या खोलीचेच आहेत असं समजू नका, या खोलीचे चारच असतील.

मग फोटो. दोन-तीन फोटो गूगल लेन्समध्ये टाका, ते फोटोवरून फोटो शोधतं, तोच सोफा दुसऱ्या देशातल्या जाहिरातीत निघाला तर विषय संपला. खिडकीतून दिसणारा देखावा आणि नकाशातली जागा जुळते का बघा. नेमका पत्ता बऱ्याचदा बुकिंगनंतरच मिळतो, आधी नकाशावर फक्त गोल दिसतो, म्हणून त्या गोलातल्या रस्त्यांवर गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूने फिरून या. रात्री दहा वाजता बॅग ओढत इथून चालाल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

## ४. मालकाला प्रश्न, आणि तेही ॲपच्या चॅटमध्येच

आमच्याकडे येणारे पुणेकर बुकिंगच्या आधी सतरा प्रश्न विचारतात, इन्व्हर्टर आहे का, गाडी अंगणात येते का, सोलकढी जेवणात धरलीये का वेगळी. तेच लोक परदेशातल्या मालकाला एक ओळ लिहायला लाजतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, समोरचाही बऱ्याचदा भाषांतर करूनच वाचत असतो.

हे विचाराच:

१) घरात आणखी कोण राहतं, पाहुणे किती, बाथरूम किती जणांत.
२) खोलीच्या दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप, दोन्ही आहे का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एका "येस"वर सोडू नका.
३) घरात, पॅसेजमध्ये, गेटवर कॅमेरे कुठे आहेत. एअरबीएनबी या खोल्या देणाऱ्या ॲपने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातलीये, बाहेरचे असतील तर आधी सांगावे लागतात. दुसरं ॲप असेल तर त्याचा नियम वाचा.
४) गरम पाणी कशावर, गीझर गॅसचा असेल तर कुठे बसवलाय.
५) चावी कोण देणार, रात्री उशीर झाला तर कोण भेटणार.
६) बिल्डिंगच्या सिक्युरिटीला किंवा सोसायटीला पाहुणे येतात हे माहीत आहे का. बँकॉकनंतर हा प्रश्न मी कधी चुकवत नाही.

उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते बघा. मी स्वतः खोल्या देतो म्हणून सांगतो, ज्याला लपवायचं नसतं तो कंटाळला तरी उत्तर देतो, वर दाराचा फोटोही पाठवतो. "डोन्ट वरी, व्हॉट्सॲपवर बोलू" असं आलं की थांबा. काही बिघडलं तर ॲपवाले त्यांच्या चॅटमधलंच बघतात, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तुम्ही पाठवत बसाल आणि ते फॉर्म पाठवत बसतील.

## ५. आता पैसे

आपल्याकडचं नवं कार्ड परदेशी व्यवहारांना मुळात बंद असतं, रिझर्व्ह बँकेचा २०२० चा नियम आहे, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावं लागतं. चालू करताना लिमिट पण ठेवा, खोलीच्या रकमेपेक्षा थोडं जास्त, आणि पेमेंट झालं की ती कळ परत बंद. याचं कारण म्हणजे बाहेरच्या बऱ्याच साइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे गेले. डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड बरं, वाद घालायला वाव राहतो आणि तोपर्यंत बचत खात्यातले पैसे जागच्या जागी असतात.

सावधान: बुकिंग झाल्यावर दोन दिवसांनी "तुमचं कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर बुकिंग रद्द होईल" असा मेसेज लिंकसकट येतो. कधी तो खुद्द ॲपच्या चॅटमध्ये मालकाच्या नावाने येतो, कारण मालकाचंच खातं हॅक झालेलं असतं. लिंक दाबू नका, ॲप बंद करा, पुन्हा उघडा आणि बुकिंगच्या पानावर खरंच काही बाकी दिसतंय का बघा. नसेल तर तो मेसेज चोराचा.

बुकिंग रद्द करून थेट पाठव, रोख दे, डिपॉझिट वेगळं पाठव, यातलं काहीही निघालं की नाही म्हणायचं. दोन हजार रुपये वाचतात आणि त्याच्याबरोबर तक्रारीचा हक्क जातो.

## ६. पासपोर्ट दाखवायचा, ठेवून द्यायचा नाही

इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण पासपोर्टचा फोटो मागितला की घाबरून भांडतात. अहो, आमच्याकडे परदेशी पाहुणा आला तर आम्हालाही २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, तसंच तिथेही आहे. इटलीत मालकाला पाहुण्यांची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर २४ तासांत टाकावी लागते, थायलंडमध्ये इमिग्रेशनकडे टीएम ३० नावाची नोंद असते, जपानमध्ये परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घेतात. म्हणजे प्रत मागणं बरोबर आहे. तुमचा मूळ पासपोर्ट "जाताना देतो" म्हणून कपाटात ठेवणं मात्र बरोबर नाही, द्यायचा नाही.

घरूनच पहिल्या पानाच्या तीन-चार झेरॉक्स न्या आणि देताना आडवं लिहा, फक्त अमुक पत्त्यावरच्या मुक्कामासाठी, खाली तारीख. आधार, पॅन कुणी मागितलं तर त्याचा तिथे काही संबंध नाही.

## ७. निघण्याआधी घरी करायची कामं

पत्ता कागदावर लिहून घ्या, तिथल्या लिपीत सुद्धा, कारण टॅक्सीवाल्याला इंग्रजी वाचता येईल याची खात्री नाही आणि फोन नेमका तेव्हाच संपतो. थायलंडला जात असाल तर १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, त्यात राहण्याचा पत्ता टाकायचा असतो, तेव्हा तो पक्का असू दे.

फ्लाइट गोव्याच्या मोपा विमानतळावरून घ्या नाहीतर मुंबईवरून, स्वस्त तिकीट बघितलं तर ते उतरतं रात्री दोन-तीनला. अशा वेळी पहिली रात्र विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात काढा आणि खोलीवर सकाळी जा. पैसे जातात, पण अनोळखी गल्लीत अंधारात डबीतली चावी शोधणं वाचतं, आणि खोली वाईट निघाली तर दुसरी शोधायला अख्खा दिवस हातात राहतो. एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे शेवटपर्यंत वेगळे ठेवा, त्यांना खरेदीत हात लावायचा नाही.

घरी एकाला पत्ता, मालकाचं नाव, बुकिंगचा स्क्रीनशॉट देऊन ठेवा आणि वेळ ठरवा, अमुक वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन करायचा. एकालाच द्या. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल.

बॅगेत तीन वस्तू: दाराखाली सरकवायची रबरी पाचर, छोटा टॉर्च आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. पाचर म्हणजे आपला अडसरच, फक्त खिशात मावणारा, मात्र दार आत उघडत असेल तरच ती कामाची. अलार्मचं कारण पुढे येतं.

## ८. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं, बॅग बंद

बॅग दाराजवळ उभी ठेवा. कपडे काढून टांगले, आंघोळ झाली, की माणूस आहे त्यात भागवून घेतो. बॅग बंद असली की निघणं सोपं.

आधी व्हिडिओ. दारापासून सुरुवात करून सलग एक फेरी, भिंतीवरचे ओरखडे, फुटकी टाइल, गादीवरचे डाग, सगळं. डिपॉझिटच्या भांडणात हाच उपयोगी.

मग दार. कडी लावा आणि आतून जोरात ओढा. नुसती लावून बघू नका, चौकटीला दोनच स्क्रू असले तर ती हातात येते. खिडकी बंद होते का, बाहेरून गच्चीवरून कुणी येऊ शकतं का बघा.

मग बाहेर पडायची वाट. जिना कुठे, तो खाली रस्त्यावर उघडतो का, इमारतीच्या दाराला आतून किल्ली लागते का. लागत असेल तर रात्री ती किल्ली उशाशी.

मग गॅस. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे याची भीतीच नाही. आपला बंब अंगणात नाहीतर मागच्या पडवीत, चारी बाजूंनी वारा, धूर जातो माडांत. बाहेर थंड हवेच्या ठिकाणची घरं घट्ट बंद असतात आणि गॅसचा गीझर किंवा बॉयलर कधी बाथरूममध्ये, कधी शेजारच्या कपाटात. त्याचा धूर नीट बाहेर गेला नाही की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरलेले तीन अमेरिकन पर्यटक याच वायूने गेले. म्हणून गीझरच्या नळीचं टोक बाहेर जातं का बघा, ज्योत निळी असली पाहिजे, पिवळी नको, आणि आपला अलार्म झोपायच्या खोलीत उशाच्या उंचीला ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना एकदमच होत असेल तर प्रवासाचा शीण म्हणून गोळी घेऊन झोपू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन करा.

मग कॅमेरे. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड केलेलं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर नीट बघा. एकाच खोलीत दोन स्मोक डिटेक्टर कशाला, असे प्रश्न पडू द्या. लाइट बंद करून टॉर्च डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरवा, लेन्स असेल तर बारीक ठिपका चमकतो. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा डोळ्यांना दिसत नाही पण काही फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला दिसतो. तुमच्या फोनला दिसतो का ते घरीच बघून ठेवा, टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका दिसला तर चालतो. आरशाला नख टेकवायची युक्ती सगळीकडे फिरते, तिच्यावर विसंबू नका. शंका आलीच तर वस्तू उचकटू नका, फोटो काढा आणि टप्पा १० ला जा.

शेवटी गादीचे कोपरे उचलून ढेकूण. काळे ठिपके शिवणीत असतात, मधोमध नाही. हे सगळं झालं की मग बॅग उघडा.

## ९. राहताना

पासपोर्ट आणि जास्तीचे पैसे एका जागी नकोत. आज रात्री उशिरा येणार, उद्या दिवसभर बाहेर, असा तपशील घरातल्या दुसऱ्या पाहुण्यांना देत बसू नका, फोटो पण ती जागा सोडल्यावर टाका. मालकाने जेवायला बोलावलं तर जा, बऱ्याचदा तेच सगळ्यात छान असतं, पण आपल्या ग्लासाकडे लक्ष असू दे. आणि सुक्या बांगड्याचं पाकीट त्यांच्या किचनमध्ये विचारल्याशिवाय उघडू नका, आमच्या एका दादांमुळे अख्ख्या मजल्याने गॅस गळती समजून खिडक्या उघडल्या होत्या.

## १०. बिघडलंच तर

क्रम: आधी बाहेर, मग बाकीचं. खोलीत उभं राहून मालकाशी वाद घालू नका. बॅग घेऊन खाली या, उजेडाच्या ठिकाणी, दुकानात, हॉटेलच्या लॉबीत. तिथून ॲपच्या चॅटमध्ये फोटोंसकट लिहा आणि ॲपच्या मदतीला फोन लावा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, घरी परतल्यावर सावकाश लिहू म्हटलं तर उशीर होतो.

जिवाचा किंवा अब्रूचा प्रश्न असेल तर ॲप नंतर, पोलीस आधी. युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२, दुबईत आणि सिंगापूरला पोलीस ९९९, जपानमध्ये ११०, थायलंडमध्ये टुरिस्ट पोलीस ११५५. हे नंबर फोनमध्ये नको, टप्पा ७ च्या त्याच कागदावर.

पासपोर्ट गेला तर पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग भारतीय दूतावास. लगेच परत यायचं असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. दूतावास दाद देत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते.

## ११. निघताना

परत तीच व्हिडिओची फेरी, दारापासून सुरुवात, शेवट चावी डबीत टाकताना किंवा मालकाच्या हातात देताना. नको म्हटलेलं असूनही डिपॉझिट रोख दिलंच असेल तर ते हातात पडल्याशिवाय चावी सोडू नका.

आणि रिव्ह्यू लिहा, एअरबीएनबीवर त्याला १४ दिवस असतात. समुद्र किती जवळ आणि नाश्ता कसा हे लिहायला शंभर जण असतात. तुम्ही लिहा की कडी कशी होती, गीझर कुठे होता, आणि रात्री दार उघडायला कोण आलं.